क्लस्टर सगळ्यांना वापरायला देताय? या चुका टाळा

नवा नोड (क्लस्टरमधला एक संगणक) जोडला की त्यावर सगळ्यांची खाती हाताने उघडायची, ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की क्लस्टर कुणाचाही असो, आधी यूआयडी (प्रत्येक खात्याचा आकडा) तपासतो. कर्बेरॉस (नेटवर्कवर ओळख पटवणारी व्यवस्था) नसेल तर एनएफएस (सगळ्या नोडना सामायिक फाइली देणारी व्यवस्था) परवानगी नावावरून नाही, आकड्यावरून ठरवतो.

आमच्याकडे सातवा नोड असाच घाईत जोडला गेला. मुख्य नोडवर मधलं एक खातं पूर्वी काढून टाकलेलं होतं. नव्या नोडवर यादी ओळीने भरली, त्यामुळे त्यापुढचे सगळे आकडे एकाने सरकले. मुख्य नोडवर 1006 असलेली मुलगी इथे 1005 झाली. सकाळी तिला स्वतःच्याच होममध्ये (खात्याच्या फोल्डरमध्ये) 'परमिशन डिनाइड'. मदतीला धावलेल्या सहकाऱ्याने त्याच नोडवरून रूट (सर्वाधिकारी खातं) होऊन 'चाउन -आर' (आतल्या सगळ्या फाइलींचा मालक बदलणारी कमांड) मारला, तिच्या होमवर आणि वर प्रोजेक्टच्या सामायिक फोल्डरवरही. एक्सपोर्टला (एनएफएसने वाटलेल्या फोल्डरला) कुणीतरी 'नो रूट स्क्वॉश' (नोडवरच्या रूटचे अधिकार तसेच चालू देणारा पर्याय) लावून ठेवलं होतं, म्हणून तो चाललाही. बाकी सहा नोडवर ते सगळं 1005वाल्याच्या नावावर गेलं. होम एका कमांडमध्ये सुधारलं. सामायिक फोल्डरमधली कुठली फाइल कुणाची, हे बॅकअपशी ताडून पाहण्यात दोन दिवस गेले.

वापरणारे पाचच असले तरी खाती एलडॅपमध्ये (सगळ्यांची एकच मध्यवर्ती यादी) ठेवा, नोडवर एसएसएसडी (ती यादी नोडला वाचून देणारी सेवा) लावा. 'नंतर करू' म्हणणाऱ्यांचं नंतर कधी येत नाही. नोड जोडला की मी प्रत्येकाचा 'आयडी' सगळ्या नोडवर ताडतो. मालकीचा घोळ वाटला तर 'एलएस -एल' नाही, 'एलएस -एन' (नावाऐवजी आकडा दाखवतो) बघतो.

घड्याळं जुळलेली नसतील तर मंज (स्लर्मसाठी नोडांमध्ये ओळख पटवणारी सेवा) ओळख नाकारतं; त्याच्या क्रेडेन्शियलचं (ओळखपत्राचं) आयुष्य मुळात 5 मिनिटांचं. आधी क्रोनी (घड्याळं जुळवणारी सेवा), मग स्लर्म (जॉब, म्हणजे चालवायला दिलेली कामं, नोडवर वाटणारी प्रणाली).

परवानगी अडली की 777 (सगळ्यांना सगळं मोकळं) लावू नका. ग्रुप करा, सेटजिड (फोल्डरमधल्या नव्या फाइली त्याच ग्रुपच्या होतात) लावा.

मेमरीची मर्यादा न घालता क्लस्टर खुला करणं मला सर्वांत जास्त खटकतं. 8 जीबी मागून 60 जीबी खाणारा जॉब स्वतः मरेलच असं नाही, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) शेजारच्याचा जॉबही मारू शकतो. ज्याचा मेला तो तीन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. सीग्रुपमध्ये (लिनक्समधली मर्यादा घालायची सोय) 'कन्स्ट्रेनरॅमस्पेस' (जॉबला मागितल्याइतक्याच मेमरीत ठेवणारी सेटिंग) चालू करा, लॉगिन नोडवरही (जिथे सगळे आधी लॉगिन करतात) प्रत्येक यूजरला मर्यादा घाला, आणि मग पहिला पासवर्ड वाटा.