सीट कव्हरचं कापड घेताना जाडी नको, वीण बघा

गाडीच्या सीट कव्हरला कुठलं कापड घ्यावं, असं विचारलं की बहुतेक जणांचं उत्तर ठरलेलं असतं: जाड घ्या. ज्यांना मापं घेता येतात, ज्यांचा मशीनवर हात बसलेला आहे, अशी माणसंही या एका सल्ल्यापायी पैसे आणि दोन-तीन रविवार वाया घालवतात. गेली 12 वर्षं मी घरच्या, शेजारच्या, नातेवाइकांच्या गाड्यांची कव्हरं शिवते आहे. कव्हर मधोमध फाटलेलं मी क्वचितच पाहिलंय. ते जातं शिवणीला, आणि बहुतेक वेळा एकाच जागी: ड्रायव्हरच्या सीटच्या उजव्या कडेला, जिथून आपण दर वेळी घसटत चढतो-उतरतो. कापड निवडताना ती कड डोळ्यांसमोर ठेवा.

दुकानात जाण्याआधी सीटची बाहेरची बाजू बघून घ्या. तिथे एअरबॅगची चिठ्ठी किंवा शिवलेलं लेबल असेल, तर त्या बाजूवर कव्हर घालायचंच नाही, ती पूर्ण उघडी ठेवायची. ‘तिथे कच्ची टीप मारा, वेळ आली की उसवेल’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. कंपनीत ती टीप चाचण्या घेऊन ठरवलेली असते. आपल्या घरच्या मशीनवर तसा अंदाज करता येत नाही आणि इथे चुकून चालत नाही.

मापं नेहमीसारखीच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 54 इंचांचा असेल तर पुढच्या दोन सीटना मला 4 मीटर पुरतं.

खरेदीला मी पुण्यात दोन ठिकाणी जाते. कापडासाठी रविवार पेठेतलं कापडगंज आणि रेक्झिनसाठी नाना पेठ, जिथे गाड्यांचे सुटे भाग मिळतात. गर्दीच्या वेळी जाऊ नका. कापड नीट तपासायला दहा मिनिटं हवीत, आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबली की दुकानदार ती देत नाही.

आता धागा कुठला. पुण्यात कापडाला एप्रिल-मेचं ऊन सोसायचं असतं आणि जून ते सप्टेंबर ओल. नुसतं सुती कॅनव्हास बसायला छान, पण पावसाळ्यात ओलं राहिलं तर त्याला बुरशी धरते. ताम्हिणी घाटातून भिजून आलेली चार माणसं एकदा त्यावर बसली की पुढचे दोन दिवस गाडीत कोंदट वास. नायलॉन घासायला चिवट, पण उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमजोर होतं. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर पॉलिएस्टर, किंवा पॉलिएस्टर-कॉटन मिश्रणाचं कॅनव्हास घ्या. स्पंज चिकटवलेलं कापड मुळीच घेऊ नका. दोन उन्हाळ्यांत त्या स्पंजची पिवळी भुकटी होते आणि ती कपड्यांना लागत राहते.

धागा ठरला, आता वीण. हा टप्पा मला कुणी शिकवला नव्हता, म्हणून सविस्तर सांगते.

माझं तिसरं कव्हर मी जॅकार्डचं, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या कापडाचं शिवलं. मरून रंगावर बारीक पानांची नक्षी होती. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, हात लावून बघा, सतरंजीसारखं जाड आहे.’’ होतंही तसंच. शिवायला आठवडा लागला. चार महिन्यांत उजव्या कडेला फट पडली. मला वाटलं, टीप उसवली. वाकून बघितलं तर टीप जशीच्या तशी होती, एकही टाका तुटला नव्हता. टिपेच्या शेजारचे उभे धागे सरकून बाजूला गोळा झाले होते. मधे बोटभर रुंदीत नुसते आडवे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे ताणलेले होते आणि त्यांच्यामागून सीटचा करडा कपडा दिसत होता. कापड कुठेच फाटलं नव्हतं, धागे नुसते शिवणीतून निसटले होते. यावर दुरुस्ती नाही. पुन्हा टीप मारायला जावं तर शिवणीजवळ कापडच उरलेलं नसतं.

असं का होतं? साध्या विणीत प्रत्येक धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून जातो, त्यामुळे धागे एकमेकांना धरून ठेवतात. नक्षीच्या कापडात धागा चार-पाच धाग्यांवरून उडी मारतो. जितकी उडी लांब, तितकी पकड ढिली. त्यात धागा गुळगुळीत, चकचकीत असेल तर तो सरकणारच. आणि कापडाचं जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ते पकडीबद्दल काहीच सांगत नाही. खळ भरूनही वजन वाढवता येतं. स्वस्त कॅनव्हास दोन मुठींत धरून खसाखसा चोळा. पांढरी भुकटी पडली तर समजा की पहिल्या धुण्यात ते मलूल होणार.

दुकानात ही तपासणी कराच: कापड दोन्ही हातांत धरा, दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी टेकवा, दाब देत विरुद्ध दिशांना ओढा. मग सोडा. अंगठ्यांच्या मधे विरळ रेघ उरली तर ते कापड पडद्याला ठीक, सीटला नाही. हे उभ्या आणि आडव्या, दोन्ही दिशांना करून बघा, कारण काही कापडं एका दिशेला घट्ट आणि दुसऱ्या दिशेला अगदी ढिली असतात.

इथे पास झालं तरी लगेच चार मीटर फाडायला सांगू नका. आधी पाव मीटर घरी आणा. वीतभर लांबीचे दोन तुकडे एक सेंटिमीटर माया, म्हणजे टिपेबाहेरची जादा कड, ठेवून जोडा, टाका साडेतीन मिलिमीटरचा. शिवण मधे ठेवून जोर लावून ओढा आणि तशीच खिडकीपुढे धरा. सुईच्या भोकांतून उजेडाचे बारीक ठिपके दिसतात, ते चालतील. ठिपक्यांच्या उभ्या फटी झाल्या आणि सोडल्यावरही मिटल्या नाहीत, तर रंग कितीही आवडला असू दे, नको. पुन्हा पेठेत जायचा हेलपाटा पडतो खरा, पण सगळं कव्हर उसवून नव्याने शिवण्यापेक्षा तो परवडतो. मी आता ही तपासणी केल्याशिवाय एक मीटरही घेत नाही.

घट्ट विणीचं, 300 ते 350 जीएसएमचं कॅनव्हास या कसोटीला सहसा उतरतं आणि घरच्या मशीनवर त्याचे चार पदर शिवता येतात. याहून जड कापड घेतलं तर पायपिंगच्या, म्हणजे कडेला शिवलेल्या गोल पट्टीच्या, जोडावर सुया मोडत बसाल.

रेक्झिनची गोष्ट वेगळी. त्याचा वरचा थर प्लॅस्टिकचा असतो, ताकद मागच्या कापडात असते, म्हणून उलटं करून मागची बाजू बघा. ती सुटी, विरळ जाळीसारखी असेल तर परत ठेवा. मग घडी घालून नखाने दाबा. उलगडल्यावर पांढरी रेघ राहिली तर तिथेच पुढे भेग जाणार. टाका लांब ठेवा, चार मिलिमीटरचा. बारीक टाक्याने रेक्झिनला इतकी जवळजवळ भोकं पडतात की ते वहीच्या कागदासारखं त्या रेघेवर फाटतं. ‘आर्टिफिशियल लेदर’ म्हणून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा, थर असलेलं कापड दाखवतात, त्यातलं स्वस्तातलं टाळा. दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात.

माझं कायमचं उत्तर: बसायच्या आणि पाठीच्या भागाला कॅनव्हास, कडांना आणि सीटच्या मागच्या बाजूला रेक्झिन. उन्हात अंग भाजत नाही, घासणाऱ्या कडा टिकतात आणि मागे बसलेल्या मुलांच्या चपलांचे डाग ओल्या फडक्याने निघतात. स्कूटरच्या सीटला मात्र सगळं रेक्झिनच, तिथे कापडाचा विचारही करू नका.

रंग तपासायला ओला पांढरा रुमाल वीस वेळा घासा. गडद डेनिम इथेच नापास होतं. दोरा पॉलिएस्टरचा, सुई 16 किंवा 18 नंबरची.

कॅनव्हास कापण्याआधी धुऊन, वाळवून घ्या. ते नंतर आटलं आणि रेक्झिन आटलं नाही की शिवणीला चुण्या पडतात. उजव्या कडेला माया दीड सेंटिमीटर ठेवा आणि टिपा दोन मारा. अर्धा मीटर कापड जास्त घ्या, पण उरलेला तुकडा कपाटात ठेवू नका. तो गाडीतच मागच्या काचेपाशी पसरून ठेवा. दोन वर्षांनी ठिगळ लावायची वेळ येईल तेव्हा तोही सीटच्या जोडीने उन्हात विटलेला असेल आणि रंग जवळपास जुळेल.