अलार्म गेला, तरी चिन्ह लालच
बेस स्टेशनची (मोबाइल टॉवरवरच्या यंत्रणेची) वीज परत आली, तरी नेटवर्कच्या नकाशावर त्याचं चिन्ह लालच राहत होतं. लॉगमध्ये ‘क्लिअर्ड’, म्हणजे अलार्म मिटल्याचा, संदेश होता. पण त्यातल्या ‘स्पेसिफिक प्रॉब्लेम’ (नेमका बिघाड) या तपशिलाच्या शेवटी एक जास्तीची स्पेस होती. एक्स.७३३ या अलार्म कळवण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे उपकरण, अलार्मचा प्रकार, संभाव्य कारण आणि हा तपशील जुळला तरच जुना अलार्म मिटतो. तुलनेआधी स्पेस छाटली, चिन्ह हिरवं झालं.

रंगांचा घोळही तेव्हाच काढला. लॉक केलेलं, म्हणजे मुद्दाम सेवेबाहेर ठेवलेलं, उपकरणातलं कार्ड हिरवं दिसणं फार घातक. आता रंग फक्त तीव्रतेचा: क्रिटिकल लाल, मेजर नारिंगी, मायनर पिवळा, वॉर्निंग निळा. लॉकसाठी कोपऱ्यात छोटं कुलूप. अपवाद एकच: उपकरणाशी संपर्क तुटला की चिन्ह राखाडी. संपर्क परतल्यावर चालू अलार्मांची पूर्ण यादी पुन्हा मागवा. मधले क्लिअर संदेश हरवलेले असू शकतात.