जाळीऐवजी फायबर टाकून काँक्रीट कसं करायचं

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, बीम, कॉलम, वरचा स्लॅब यातलं सळईकाम फायबरने (काँक्रीटमध्ये मिसळायच्या तंतूंनी) वाचत नाही, तिथे सळईच लागते. फायबर चालतं ते जमिनीवर टेकलेल्या कामात, म्हणजे अंगण, पार्किंग, गोडाऊनचा फ्लोअर वगैरे.

आता फायबर कुठलं घ्यायचं? केसासारखं बारीक पॉलिप्रॉपिलीन घनमीटरला साधारण 900 ग्रॅम टाकतात, पण ते फक्त काँक्रीट ओलं असताना पडणाऱ्या बारीक भेगा रोखतं, सळईच्या जाळीची जागा घेत नाही आणि इथेच बरेच लोक फसतात. जाळीऐवजी मॅक्रो फायबर (जाड, लांब प्लास्टिकचे तंतू) किंवा टोकं वाकवलेलं स्टील फायबर लागतं, स्टीलचं प्रमाण बहुतेक वेळा घनमीटरला 20 ते 40 किलो, नेमका आकडा इंजिनिअरकडूनच घ्या.

मिक्सर फिरत असताना थोडं थोडं भुरभुरवत टाका, अख्खी पिशवी एकदम ओतली की गोळे होतात, ते हाताने फोडून बघा, आत कोरडा गुंता असतो आणि तीच जागा कच्ची राहते. सगळं पडल्यावर अजून चार-पाच मिनिटं फिरवा. माल घट्ट वाटेल, तरी कृपया पाणी वाढवू नका, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा.

ब्रूम फिनिश (ओल्या काँक्रीटवर झाडू ओढून खरखरीत पृष्ठभाग) करताना झाडू एकाच दिशेने ओढा नाहीतर तंतू उभे राहतात. जॉइंट (भेग ठरलेल्या रेषेतच पडावी म्हणून कापलेल्या खाचा) मात्र कापायचेच, जाडीच्या पाव भागाइतके खोल, आणि क्युरिंग (काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं) किमान 7 दिवस.