जुने स्पीकर घेताना आधी जाळी काढा

जुन्या स्पीकरची जोडी बघायला गेलो की मी पहिल्यांदा पुढची जाळी काढायला सांगतो. विकणारा नको म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबतो. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, शंकूभोवतीची कडा फोमची असेल, तर पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. त्याला घाबरू नका, कडा बदलता येते. काळजी करायची ती व्हॉइस कॉइलची, म्हणजे शंकूला हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची. शंकूच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून तो सरळ, हलकेच आत दाबा. खरखर जाणवली, तर कॉइल घासतेय. मग मागच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा: ८ ओहमच्या स्पीकरवर साधारण ६ ओहम दिसतात, आणि दोन्ही पेट्यांचा आकडा जवळपास सारखा हवा. ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, आड बहुधा कपॅसिटर असतो आणि तो मीटरचा प्रवाह अडवतो, म्हणून ट्वीटर वाजवूनच पारखा. मूळचा ट्वीटर पुन्हा मिळणं फार कठीण, इथे तडजोड करू नका.

नवी कडा लावण्याआधी जुना गोंद पूर्ण काढा. कागदी शंकूवर हात हलका ठेवा. गोंद ओला असतानाच मी ३० हर्ट्झचा सूर अगदी मंद वाजवतो. कॉइल मध्यावरून सरकली, तर लगेच ऐकू येतं.

क्रॉसओव्हरमधले, म्हणजे वरचे-खालचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोन्ही पेट्यांत एकदमच बदला: नॉन-पोलर (धन-ऋण टोकं नसलेले), तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. शेवटी दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर टेकवा. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत.