मामा तलाव साफ करायचाय? जेसीबी सगळ्यात शेवटी

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या म्हणजे मालगुजारांच्या ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांवर आहेत. 1951 ला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावाचं लक्ष हटत गेलं. आता लक्ष गेलंच तर लोक थेट जेसीबी लावून खोल खड्डा करतात, मला याचंच वाईट वाटतं, कारण तलावाचा जीव काठाच्या उथळ पाण्यात असतो, मासे तिथेच अंडी घालतात.

आधी मीटिंग घ्या. वरचं गाव, पाळीखालचं म्हणजे तलावाच्या बांधाखालचं गाव आणि ढिवरांची (मासेमारी करणाऱ्या समाजाची) मच्छीमार सोसायटी, तिघंही पाहिजेत. वरच्या गावाने पाणी यायच्या वाटेत बांध घातला असेल तर बाकी सगळी मेहनत वाया. खालच्या गावाला धान निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) पाणी हवं आणि ढिवरांना मासे जगवायला उन्हाळ्यापर्यंत हवं, भांडण इथेच होते. म्हणून तुडुमाजवळच्या (पाणी सोडायच्या दाराजवळच्या) दगडावर ऑइलपेंटने रेघ मारा, रेघेखाली गेलं की पाणी सोडणं बंद, आणि हे पावसाळ्याआधीच सगळ्यांसमोर ठरवा.

एप्रिल-मे मध्ये बेशरम हे काठावर माजणारं झुडूप काढा. कापून काहीच होत नाही, फांदीचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी फुटतो, त्यामुळे मुळासकट उपटायची, काठाबाहेर नेऊन कडक वाळवायची आणि मग जाळायची. गुरांना विषारी आहे, ढीग उघड्यावर सोडू नका. मग कोरडी पडलेली जागा पावसाआधी नांगरून घ्या.

पाणी भरायला लागलं की शेजारच्या चांगल्या तलावातून थोडं थोडं रोप आणा, कमळ, देवधान (रानटी भात), पाण्याखाली वाढणारं गवत. कोणतं कुठे रुजते हे ढिवरांना विचारा, त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मुळं चिखलाच्या गोळ्यात दाबून उथळ पाण्यात लावायची. हे वाढलं की हिवाळ्यात बदकंही येतात.

गाळ काढायचाच असेल तर मधला काढा, पाळीपासून लांब, उभी कड न ठेवता उतार ठेवून, आणि खालची घट्ट माती लागली की थांबा नाहीतर पाणी झिरपून जाईल. गाळ शेतात टाका, सोनं आहे ते.

आणि ग्रासकार्प या गवत खाणाऱ्या माशाचं बीज सोडू नका, लावलेलं सगळं खाऊन टाकेल. रोहू, कतला सोडा, मरळ तर काठ सुधारला की आपोआप वाढते.