आपलं म्हणणं पटवायचं असेल तर पुरावा असा निवडा

आधी दावा एका वाक्यात लिहा, आणि तो असा हवा की समोरचा त्याला सरळ 'नाही' म्हणू शकेल. 'पाणी स्वच्छ असावं' याला कोण नाही म्हणणार, मग पटवायचं काय उरलं? 'ही साथ या पंपाच्या पाण्यामुळे पसरतेय' हा खरा दावा, तो चुकीचाही ठरू शकतो.

हे उदाहरण १८५४ चं, लंडनच्या सोहो भागातलं. कॉलरा घाणेरड्या हवेतून होतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानायचे, जॉन स्नो नावाचा डॉक्टर म्हणत होता पाण्यातून. त्याने मृत्यू कुठे झाले ते पाहिलं तर बहुतेक ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या आसपास. पण यावर कोणीही म्हणेल की तिथली हवाच खराब असेल, आणि नेमकं इथेच बरेच जण अडकतात, अजून आकडे जमवत बसतात जे दोन्ही बाजूंना सारखेच चालतात. स्नोने अशी माणसं शोधली जिथे हवा एक आणि पाणी वेगळं. पंपाजवळच्या ब्रुअरीतले, म्हणजे बिअरच्या कारखान्यातले कामगार तीच हवा घेत होते, पण प्यायचे बिअर, शिवाय विहीर स्वतःची, त्यातलं कोणी कॉलऱ्याने गेलं नाही. उलट काही मैल लांब हॅम्पस्टेडला एक विधवा बाई गेली, तर कळलं की तिला याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते मुद्दाम मागवायची. आता हवेवाल्यांनी काय बोलायचं!

म्हणून प्रत्येक पुराव्याला विचारा, समोरच्याचं खरं असतं तरी हे असंच दिसलं असतं का? उत्तर 'हो' आलं तर त्यावर भिस्त ठेवू नका.

मग पुराव्यावरून दावा कसा निघतो तेही लिहा, ते आपोआप कळत नाही. स्नोचं म्हणणं होतं की आजार पोटापासून सुरू होतो, म्हणजे आजार करणारी गोष्ट खाण्यापिण्यातून पोटातच जात असणार.

कच्ची बाजू स्वतःच सांगा. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून पाणी बंद केलं, पण साथ आधीच ओसरू लागली होती, म्हणजे ती त्यानेच थांबली असं म्हणता येत नाही, आणि हे स्नोनेच लिहून ठेवलंय. मला तर त्यामुळेच त्याच्यावर जास्त विश्वास बसतो.

शेवटी मित्राला नको, ज्याला तुमचं मत पटत नाही अशा माणसाला वाचायला द्या आणि कुठल्या वाक्यावर अडला एवढंच विचारा, तिथे एकतर पुरावा वाढवा नाहीतर दावा छोटा करा.