पळताना निकर काचायची, ती अशी थांबली

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर ५ किलोमीटर पळून आले की जांघेत शिवणीच्या रेषेवर लालभडक वळ. अंघोळीचं पाणी लागलं की जीव जायचा. पावडर घामात गोळा झाली, खोबरेल तेवढ्यापुरतं, एक साइझ मोठी घेतली तर चुण्या पडून जास्तच काचली. सुती कापड घाम धरून ठेवत होतं, खरा दोष तो.

आधी टेपने नितंबांचा सर्वांत रुंद घेर मोजला: ९६ सेंमी. मापांच्या तक्त्यात बघून त्याच मापाची नायलॉन-स्पँडेक्सची, बिनशिवणीची, मांडीवर उतरणारी बॉयशॉर्ट घेतली. आतला पट्टा मात्र सुतीच. घरी २० उठाबशा काढल्या (जुन्या निकरवरूनच, परत करावी लागली तर). कड वर सरकली नाही, मगच लेबल कापलं. धुताना कपड्यांचं कंडिशनर बंद. पळून आल्यावर आधी बदलते, चहा नंतर.